पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहा

दत्तोजीराव मोहिते रस्त्यानं चालताना मान स्थिर ठेवत नाहीत. डावीकडे, उजवीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. म्हैसूरच्या चामराजपुरममधले ओळखीचे लोक म्हणतात, राव भारी चौकस, दुकानाची एक पाटी सोडत नाहीत. खरं कारण वेगळं आहे. त्यांच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून आत मरत आला आहे. बाराव्या वर्षी संध्याकाळनंतरचं दिसेनासं झालं, तिशीत कडा गेल्या, आणि आता चौपन्नाव्या वर्षी मधोमध एक गोल उरला आहे. त्या गोलात सगळं लख्ख असतं. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं, सुईचं भोक, बायकोच्या कपाळावरची टिकली. गोलाबाहेर अंधारही नसतो. तिथं काही नसतंच.

"तुमाला पाठीमागचं दिसतं काय?" कडेला काळं दिसतं का, असं कुणी विचारलं तर ते उलट विचारतात. "न्हाई, अल्वा? न्हाई ना? तुमची पाठ मागं हाय. माझी कानापासून सुरू होते."

म्हणून मान हलते. रस्त्याचा एक एक तुकडा ते नजरेनं उचलतात आणि डोक्यात जोडतात. सायकल, खड्डा, गाय, फळीवर मांडलेली केळी. जोडून झालं की पाऊल टाकतात. हे इतक्या झपाट्यानं चालतं की बघणाऱ्याला माणूस डोळस वाटतो.

काम ते मंडी मोहल्ल्यात करतात. चिदंबर यांच्या कारखान्यात शिसवी लाकडाच्या पाट्यांवर जडावकाम होतं. फणसाचं पिवळं, चाफ्याचं फिकट, असे लाकडाचे कागदासारखे पातळ तुकडे केसाएवढ्या करवतीनं कापायचे आणि शिसवीत कोरलेल्या जागी बसवायचे. दसऱ्याची मिरवणूक, नदीकाठ, हरणं. मोठे तुकडे दुसरे कारागीर कापतात. नखाएवढं जे असेल ते दत्तोजीरावांकडे येतं. हत्तीचा डोळा, झुलीची किनार, माहुताची बोटं. टेबलावर चिमटा, करवत, सरसाची वाटी यांच्या जागा ठरलेल्या आहेत. कुणी चिमटा चार बोटं सरकवला तर तो त्यांच्यापुरता हरवतो.

"राव, आख्खा हत्ती कधी बघितला तुम्ही?" चिदंबर चेष्टेनं विचारतात.

"हप्त्याहप्त्यानं बघितला," दत्तोजीराव म्हणतात.

नोटीस आली तेव्हा ती सुष्मानं, त्यांच्या बायकोनं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानं वाचली. कन्नडमधलं सरकारी पत्र होतं. जुन्या अंधत्व प्रमाणपत्राची मुदत संपत आहे, शिवाय तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे. सदर इसम बारीक नक्षीकाम करतो, वर्तमानपत्र वाचतो, तरी अंध म्हणून पेन्शन घेतो. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे. फेरतपासणीला हजर राहावे. दावा खोटा ठरल्यास प्रमाणपत्र रद्द होऊन कारवाई होईल.

फोटोची झेरॉक्स काळपट होती. तरी करवतीवर वाकलेले दत्तोजीराव ओळखू येत होते.

"कोण लिहिलं असंल हो?"

"कुणी का असंना. लिहिलंय त्यात खोटं काय? करवत मी चालवतोच की."

"हे तिथं जाऊन बोलू नका हां! आधीच सांगते."

मोठी कामं हातून सुटत गेली तशी कारखान्यातली मिळकत आटत गेली होती, आणि घरातलं वाणसामान आता पेन्शनवरच येत होतं. पण सुष्माला त्याहून जास्त धसका 'कारवाई' या शब्दाचा होता. मोहित्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. घरात तलवार उरलेली नाही, जमीन उरलेली नाही, उरलं आहे ते फक्त 'आपल्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत' हे वाक्य. लग्न होऊन आल्यापासून ते तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते तिचंच झालं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी दत्तोजीराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. तिनं कपाटातून दुसरा काढला.

"हा घाला. तो नक्को. फार झाक दिसताय."

"आंधळ्यानं चुरगळलेलं घालायचं, असा कायदा हाय काय?"

"कायदा न्हाई. पण बघणारा माणूस असतोय, अल्वा?"

त्यांनी इस्त्रीचाच ठेवला.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर व्हरांड्यात चाळीसेक माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. एच. डी. कोट्याहून पहाटेच्या बसनं आलेला एक माणूस कुबड्या भिंतीला टेकवून बसला होता. शेजारच्याला तो सांगत होता, "मागच्या वेळी जिना चढून वर आलो, म्हणून माझे अपंगत्वाचे टक्के कमी केले. चढता येतं म्हणाले. मी म्हटलं, सार, मग तुम्ही इस्पितळ खाली आणा." आजूबाजूचे हसले. मग आतून शिपायानं नाव पुकारलं आणि हसणं एकदम थांबलं. नाव ज्याचं होतं तो उठताना सगळे त्याच्याकडे बघत होते. कसा उठतो, किती वेळ लावतो.

सुष्माही बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की इथं प्रत्येकजण जरा जास्तच सावकाश चालतो आहे. ते खोटं होतं असं तिला वाटेना. दुखणारी माणसं आपलं दुखणं नीट वर धरून चालली होती, पडू नये म्हणून.

"तुमी पण मान हलवू नका," ती कानाशी लागून मराठीत म्हणाली. "सरळ बघा. जरा धडपडलात तरी चालंल."

"सुम्ने बस," ते म्हणाले. गप बस.

मराठी ही त्यांची घरची भाषा. शंभर-दीडशे वर्षं कन्नडशेजारी राहून तिच्यात निम्मी कन्नड मिसळली होती, तरी घराबाहेर ती पडद्यासारखी उपयोगी पडायची. साडीच्या दुकानात भाव पाडायचा असो, कचेरीत कारकुनाचा रोख ओळखायचा असो, समोरच्याशी कन्नड बोलायचं आणि मधेच एकमेकांशी मराठीत दोन शब्द टाकायचे. समोरच्याला कळत नाही, हे धरूनच त्यांचा सगळा संसार बाहेर वावरला होता.

नजरेच्या तपासणीची खोली काळोखी होती. कोपऱ्यात एक यंत्र होतं. अर्धा कापलेला पांढरा घुमट, आणि त्याच्यासमोर हनुवटी टेकवायला पट्टी. यंत्र चालवणारी मुलगी पंचविशीची होती, तोंडाला मास्क. तिनं नीट, पण जपून जपून कन्नडमध्ये समजावलं. एक डोळा झाकायचा. दुसऱ्यानं घुमटाच्या मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे चमकतील. चमकलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही.

सुष्माला तिनं दाराशी स्टुलावर बसू दिलं.

यंत्र सुरू झालं. दत्तोजीरावांच्या हातातलं बटण टिकटिक वाजू लागलं. टिक. टिकटिक. टिक. स्टुलावर बसलेली सुष्मा प्रत्येक आवाजासरशी आतून दचकत होती. एवढे दिवे दिसतात ह्यांना? मग ते फोटोतलं खरंच ठरणार. टिकटिक. हा माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसला आहे. शाळेत पहिला येणारा मुलगा, अजून पहिला यायचं बघतोय.

उजवा डोळा संपला. मुलगी डोळ्यावरची पट्टी बदलायला कापूस कापत पाठमोरी उभी राहिली. सुष्मा पुढं वाकली.

"अहो, कशाला एवढं दाबताय?" ती मराठीत, भरभर. "टकाटक टकाटक! दोन सोडून एक दाबा. तिला काय कळतंय? सगळे दिवे दिसले तर ते अंधाचं कार्ड काढून घेतील, आणि वर पोलीस पाठवतील."

"दिसलं ते दाबलं."

"प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट देत न्हाईत हितं! डाव्या डोळ्याला तरी ऐका माझं."

कात्रीचा आवाज थांबला होता. मुलगी वळली. मास्कवरचे डोळे सुष्माकडे लागले होते.

"काकू," ती मराठीत म्हणाली, "मी सांगलीची आहे."

सुष्माचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तीस वर्षं जो पडदा तिनं वापरला होता, तो कुणीतरी बाहेरून बाजूला केला होता.

मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर इरा असं नाव होतं. ती आरडाओरडा करत नव्हती, आणि म्हणूनच सुष्माला जास्त भीती वाटत होती.

"नातेवाइकांनी पेशंटला पढवलं तर मला शेऱ्यात लिहावं लागतं," इरा म्हणाली. "तक्रारीची केस आहे ही. लिहिलं नाही आणि उद्या कळलं, तर मला विचारतील."

"बाळ, मी येडी बाई. माझ्या तोंडाचं त्यांच्यावर नको घालू. त्यांनी ऐकलं न्हाई माझं, तूच बघितलीस."

दत्तोजीरावांनी हनुवटी पट्टीवरून उचलली. ते आवाजाच्या दिशेनं वळले, नजरेनं इराला शोधून गोलात आणलं, आणि म्हणाले, "लिहायचं ते लिहा बाई. पण मी एक दिवा सोडला न्हाई."

"तोच तर प्रश्न आहे, काका." तिनं यंत्रातून निघालेला कागद त्यांच्यासमोर धरला. मधला भाग पांढरा होता, आणि भोवती दूरवर पांढरे-करडे पट्टे विखुरले होते. "जे तुम्हाला दिसायला नको, तेही तुम्ही दाबलंय. ह्या कागदावर तुम्ही जवळपास धडधाकट आहात. हे वर पाठवलं तर तुमचं कार्ड आजच जाईल."

"मग मला दिसतं म्हणायचं काय?"

"तुमचे डोळे सारखे फिरत होते. दिवा कुठं लागेल ते शोधत होते. यंत्राला हे कळतं. प्रत्येक माणसाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, तिथं कुणालाच दिसत नाही. यंत्र मधूनच तिथं दिवा लावून बघतं. तुम्ही तोही पकडलात, म्हणजे नजर हलली होती. पुन्हा करावं लागेल. काकू बाहेर बसतील. आणि तुम्ही शोधायचं नाही."

"शोधायचं न्हाई तर दिसणार कसं?"

"नाही दिसणार," इरा म्हणाली. "तेवढंच मोजायचंय मला."

सुष्मा बाहेर गेली. दार बंद झालं.

दत्तोजीरावांनी पुन्हा हनुवटी टेकवली. पिवळा ठिपका समोर होता. सुरुवातीला मधेच एक दिवा चमकला, त्यांनी दाबलं. मग दुसरा. मग काहीच नाही. डोळे लगेच उजवीकडे निघाले. त्यांनी ते मागं ओढले. जुन्या बैलाला नव्या वाटेवर धरावं तसं जड गेलं ते. चाळीस वर्षं ह्या डोळ्यांनी एकच काम केलं होतं. थांबायचं नाही, पुढचा तुकडा आण, जोड, पाऊल टाक. थांबणं म्हणजे आपटणं. आता कुणीतरी सांगत होतं, थांब, आणि किती उरलंय ते बघ.

ठिपका. ठिपका. कपाळावरून घाम भुवईत उतरला. काही चमकेना. आपण चुकतो आहोत का? दिवे लागत असतील आणि सुष्माचं ऐकल्यासारखं आपण सोडून देत असू तर? बटणावरचा अंगठा शिवशिवत होता. न बघता एकदा दाबून टाकावं असं वाटलं. त्यांनी दाबलं नाही.

बराच वेळ गेला.

"बाई," ते म्हणाले, "मशीन बंद पडलं काय?"

"नाही काका. चालू आहे."

"दिवे लागतायत?"

यंत्राच्या पडद्यावर इराला दिसत होतं, की एकामागून एक दिवे लागून विझत आहेत.

"पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात जे बदललं ते त्यांनी ऐकलं.

दोन्ही डोळे झाल्यावर त्यांना डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर वयस्कर होते, थकलेले, सकाळपासून त्यांच्यापुढून माणसं आणि टक्के जात होते. टेबलावर तक्रारीतला फोटो होता, आणि उजव्या डोळ्याचे दोन कागद शेजारी शेजारी. एक पांढऱ्या पट्ट्यांचा. दुसरा जवळपास सगळा काळा, मधोमध मोहरीएवढा पांढरा. सुष्मा दारातून आत आली आणि तिनं तो दुसरा कागद पाहिला. तिला तो वाचता येत नव्हता. पण एवढं काळं कशाचं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"एकाच डोळ्याचे, एकाच सकाळचे," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. "पहिल्यात दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही. अर्ध्या तासात नजर गेली?"

इरानं सांगितलं. नजर स्थिर नव्हती, यंत्रानंच पहिली तपासणी अविश्वसनीय ठरवली आहे, आकडा खाली छापलेला आहे.

"मधल्या वेळात ह्यांना कुणी शिकवलं?"

"मी, सार. ठिपक्याकडे बघायला."

"दुसरं कुणी? काही सांगितलं?"

इराच्या हातात शेऱ्याचा कागद होता. शेऱ्याची जागा अजून कोरी होती. ती कागदाकडे बघत राहिली, आणि ते थांबणं इतकं लांबलं की डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी सांगितलं," सुष्मा बोलली. कन्नडमध्ये, मोठ्यानं, व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कमी दाबा म्हणाले. ह्या मुलीनं ऐकलं आणि मला बाहेर काढलं. तिची चूक नाही. ह्यांनी माझं ऐकलं नाही. आजच नाही, कधीच ऐकलेलं नाही."

दाराशी कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत.

"म्हणजे फसवायचा विचार होता."

"माझा," सुष्मा म्हणाली. "ह्यांचा नव्हता."

दत्तोजीरावांनी खुर्चीच्या हातांवरची पकड घट्ट केली. घरात तीन पिढ्या जपलेलं, कुणी नावं न ठेवल्याचं ते वाक्य त्यांच्या बायकोनं आत्ता भर इस्पितळात स्वतःच्या हातानं मोडलं होतं, त्यांच्यासाठी. त्यांना तिच्याकडे बघायचं होतं. ती कुठल्या बाजूला उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टर उठले. "माझ्या नाकाकडे बघा," ते म्हणाले, आणि दत्तोजीरावांसमोर स्टूल ओढून बसले. "दुसरीकडे बघू नका."

दत्तोजीरावांनी नाकाकडे नजर लावली.

डॉक्टरांनी उजवा हात लांब बाजूला नेला आणि काही न बोलता आत आणू लागले. खांद्याच्या रेषेत. कानाच्या रेषेत. दत्तोजीरावांचा चेहरा तसाच. हात गालाजवळ आला. मग एकदम, माशी मारावी तसा, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत झेपावला आणि बोटभर अंतरावर थांबला.

सुष्माच्या तोंडून आवाज निघाला. दत्तोजीरावांची पापणी हलली नाही. ते मन लावून, आज्ञाधारकपणे, डॉक्टरांच्या नाकाकडे बघत होते.

दुसऱ्या बाजूनंही तेच झालं. मग हात खाली आला.

"सार?" दत्तोजीरावांनी विचारलं. "सुरू कधी करणार?"

डॉक्टर जागेवर परत गेले. फोटो त्यांनी उचलून एकदा पाहिला. "हे काम कसं करता?" आता त्यांच्या आवाजात चौकशी नव्हती.

"सार, नखाएवढं काम असतं. तेवढं मावतं."

डॉक्टरांनी लिहिलं. टक्के आधीपेक्षा वाढले होते. 'तात्पुरते' आणि 'कायमस्वरूपी' यांतल्या दुसऱ्या चौकटीत खूण झाली, म्हणजे पुन्हा तपासणी नाही. तक्रारीच्या कागदावर 'तथ्य आढळले नाही' असं लिहून त्यांनी शिक्का मारला. शेऱ्याचा कागद इराकडून घेऊन त्यांनी स्वतः त्यावर एक ओळ लिहिली आणि तिला वाचायला दिली. रुग्णाने सहकार्य केले. पत्नीबद्दल त्यात काही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात कुबड्यावाल्यानं विचारलं, "काय झालं? कमी केले?"

"वाढवले," दत्तोजीराव म्हणाले.

"नशीबवान आहात!"

"हं," ते म्हणाले.

जिन्याशी आल्यावर सुष्मा थांबली. प्रमाणपत्राची पावती पिशवीत होती. ज्यासाठी आठ दिवस तिला नीट झोप नव्हती, ते झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोळ्यांसमोर तो थांबलेला हात होता, आणि त्याच्या अलीकडे नवऱ्याचा निर्धास्त चेहरा. ह्या माणसाला तिनं परवा नळावर पाठवलं होतं. मागच्या महिन्यात भर बाजारातून एकट्याला.

"इतकं गेलंय," ती म्हणाली, "सांगायचं तरी होतं की मला."

"मला तरी कुठं माहीत होतं?" दत्तोजीराव म्हणाले. "आजच कळलं."

खालून माणसं वर येत होती. ती बाजूला सरकली, मग पुन्हा त्यांच्याजवळ आली. डावीकडे उभी राहिली. तिथून त्यांना दिसत नाही हे आठवून उजवीकडे गेली. तेही तसंच, हे तिच्या लक्षात आलं.

"मग मी कुठल्या बाजूनं चालू?" तिनं विचारलं.

त्यांनी विचार केला.

"पुढं चाल," ते म्हणाले. "पुढं दिसतेस."

ती एक पायरी खाली उतरली, आणि आपण त्यांना दिसतोय ना, हे बघायला थांबली.

"हं. चाल आता," ते मागून म्हणाले. "फार भरभर नको."